अंधेरीचा क्लब: सगळं बदललं, तरी तोच कसा?

घाटकोपरहून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो अंधेरी सोडली की आझादनगरला थांबते. तिथून थोडं चाललं की वीरा देसाई रोडवर महापालिकेचं शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल लागतं. १९८८ साली उभं राहिलेल्या या संकुलाचं नाव जगभर पोहोचलं ते मात्र खेळामुळे नाही. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकल जॅक्सन भारतात नाचला, तो इथे. आज त्याच जागेला ‘मुंबई फुटबॉल अरेना’ म्हणतात आणि फ्लडलाइट लागले की तिथे फिक्या निळ्या जर्सीतला एक संघ उतरतो: मुंबई सिटी एफसी.

हा क्लब २०१४ साली जन्मला. पहिली दोन वर्षं तो नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला, मग अंधेरीत आला, दोन अख्खे हंगाम गोव्यात काढले आणि आशियाई स्पर्धेसाठी पुण्याचं बालेवाडी गाठलं. पहिल्या दहा वर्षांत त्याला सात मुख्य प्रशिक्षक लाभले. मालकी मूळ मालकांकडून परदेशी समूहाकडे गेली आणि परत फिरली. पहिल्या संघातला एकही खेळाडू आज तिथे नाही. मैदान, माणसं, मालक सगळं पालटलं, तरी अंधेरीतला प्रेक्षक बिनदिक्कत ‘आमचा क्लब’ म्हणतो. म्हणजे नेमका कोणाचा? या प्रश्नाचं उत्तर शोधताना आपण थेट कॅनडातल्या बर्फापर्यंत जाऊन पोहोचतो.

दोन चषक, एका वर्षाच्या अंतरानं

१८९१ साली मुंबईत ब्रिटिश फौजेच्या फुटबॉलवेड्यांनी रोव्हर्स कप सुरू केला. पुढच्याच वर्षी, १८९२मध्ये, कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनली यांनी तिथल्या आइस हॉकी संघांसाठी एक चांदीचा करंडक देऊ केला. एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना, जेमतेम वर्षाच्या अंतरानं, दोन खेळांची दोन रोपटी लागली. स्टॅनली कपसाठी आजही जगातले सर्वोत्तम आइस हॉकीपटू जिवाचं रान करतात. रोव्हर्स कप मात्र २०००-०१च्या सुमारास बंद पडला.

एक करंडक टिकला आणि दुसरा विसरला गेला, याला बरीच कारणं आहेत. त्यातलं एक मुंबईच्या फुटबॉलच्या मुळाशी आहे. इथले नामांकित संघ शहराचे किंवा उपनगराचे नव्हतेच. ते कंपन्यांचे होते. कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया, महिंद्रा ही नावं वाचली तर फुटबॉलपेक्षा शेअर बाजार आठवावा. चांगला खेळणाऱ्या मुलाला कंपनी नोकरी द्यायची. हजेरीपटावर नाव लागायचं, ठरलेला पगार यायचा, खेळ संपल्यावर टेबल-खुर्ची मिळायची. मध्यमवर्गीय घरातल्या मुलासाठी हे मोठं छत्र होतं, यात शंका नाही. पण त्या छत्राचा दांडा कंपनीच्या हातात होता.

महिंद्रा युनायटेडचं उदाहरण घ्या. १९६२ साली सुरू झालेला हा संघ २००५-०६मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकून देशाचा विजेता झाला. अवघ्या चार वर्षांनी, २०१०मध्ये, व्यवस्थापनानं वरिष्ठ संघ बंद करायचं ठरवलं आणि तो बंद झाला. संघ मैदानात हरला नव्हता. ताळेबंदाच्या दुनियेत एखादा विभाग बंद होतो, तसा तो बंद झाला.

२००७मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसीची कहाणी आणखी चटका लावणारी. हा क्लब एस्सेल समूहाचा होता. खालिद जमील २००९पासून सात वर्षं त्याचे प्रशिक्षक होते. तुटपुंज्या साधनांत त्यांनी संघाला दर वर्षी आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये टिकवून धरलं. २०१६मध्ये ते बाहेर पडले आणि मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे गेले. पुढच्याच हंगामात ऐझॉलनं आय-लीग जिंकली. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेली, खालच्या श्रेणीत ढकलली गेली आणि संपली. ऑगस्ट २०२५मध्ये हेच खालिद जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

शून्यातून क्लब कसा जन्मतो?

मुंबई सिटीचा जन्म वेगळ्या पद्धतीनं झाला. २०१४च्या एप्रिलमध्ये इंडियन सुपर लीगच्या आठ फ्रँचायझी विकल्या गेल्या. मुंबईची फ्रँचायझी अभिनेता रणबीर कपूर आणि चार्टर्ड अकाउंटंट बिमल पारेख यांनी घेतली. त्या क्षणी त्यांच्या हातात काय आलं? खेळाडू नव्हते, मैदान नव्हतं, प्रेक्षक नव्हते. मिळाला तो फक्त एक हक्क: या लीगमध्ये मुंबईच्या नावानं संघ उतरवण्याचा.

ही कल्पना युरोपच्या फुटबॉलमधली नाही. इंग्लंड-स्पेनमध्ये शेवटचे संघ खालच्या श्रेणीत जातात, खालचे वर येतात आणि गावातला छोटा क्लबही शिखराची स्वप्नं पाहू शकतो. अमेरिका-कॅनडातल्या लीग मात्र बंद दाराच्या असतात. १९१७ साली माँट्रियलमध्ये स्थापन झालेली नॅशनल हॉकी लीग त्यांतली एक जुनी. तिथे शेवटचा आलेला संघही पुढच्या वर्षी त्याच लीगमध्ये खेळतो. आत यायचं तर प्रवेशमूल्य भरायचं. २०१७ साली नेवाडाच्या वाळवंटातल्या लास व्हेगासनं ५० कोटी डॉलर भरून आइस हॉकीचा संघ मिळवला. बाकीच्या ३० क्लबांनी आपले ठरावीक खेळाडू राखून ठेवायचे आणि उरलेल्यांतून व्हेगासनं प्रत्येकाचा एकेक उचलायचा, असा नियम होता. दुसऱ्यांनी राखून न ठेवलेल्या खेळाडूंचा तो संघ पहिल्याच हंगामात थेट स्टॅनली कपच्या अंतिम मालिकेत पोहोचला. वाळवंटात बर्फावरचा खेळ, तोही असा!

मुंबईच्या वाट्याला इतकं नाट्य आलं नाही, पण पद्धत त्याच वळणाची. भारतीय खेळाडूंच्या यादीतून क्लबांनी आळीपाळीनं निवड केली आणि वर परदेशी नामवंतांचा तुरा खोवला. मुंबईनं स्वीडनचा फ्रेडी युंगबर्ग आणि फ्रान्सचा निकोलस अनेल्का आणला, इंग्लंडच्या पीटर रीडना प्रशिक्षक नेमलं. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी लीगचा पहिलावहिला सामना मुंबई कोलकात्यात खेळली आणि ०-३ हरली. सहाच दिवसांनी घरच्या मैदानावर तिनं पुण्याला ५-० असं लोळवलं. आंद्रे मॉरित्झनं त्या दिवशी केलेली हॅटट्रिक ही लीगच्या इतिहासातली पहिली.

ज्या पुण्याला त्या दिवशी पाच गोल बसले, त्याचं पुढे काय झालं ते पाहिलं की फ्रँचायझी या व्यवस्थेचा दुसरा चेहरा दिसतो. २०१९मध्ये एफसी पुणे सिटी आर्थिक अडचणीत बंद पडली आणि तिच्या जागी हैदराबाद एफसी आली. पुण्याचे बरेच खेळाडूही तिकडे गेले. त्या हैदराबादनं २०२१-२२चा करंडक जिंकला. २०२५मध्ये हाही क्लब हैदराबाद सोडून दिल्लीला गेला आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. बालेवाडीच्या स्टँडमध्ये घसा कोरडा करणाऱ्यांनी आता कोणाच्या नावानं ओरडायचं?

आइस हॉकीच्या जगाला हे दुःख जुनं आहे. कॅनडातल्या क्वेबेक शहराचा नॉर्डिक्स संघ १९९५मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला हलवला गेला. नाव बदललं, रंग बदलले आणि पहिल्याच वर्षी, १९९६मध्ये, तोच संघ स्टॅनली कप जिंकला. ज्या शहरानं त्याला या लीगमध्ये सोळा हंगाम पाहिलं होतं, त्यानं हा विजय दूरदर्शन संचावर बघितला. तेव्हा गेलेली लीग क्वेबेकला अजून परत आलेली नाही.

ढाल एकाची, करंडक दुसऱ्याचा

फ्रँचायझी पद्धतीबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती नव्या प्रेक्षकाला हमखास गोंधळात टाकायची. युरोपात गुणतक्त्यात पहिला तोच विजेता. आपल्याकडे २०२४-२५पर्यंत आधी साखळी सामने व्हायचे, मग वरच्या संघांची बाद फेरी आणि बाद फेरी जिंकणाऱ्याला करंडक. मग महिनोन् महिने घाम गाळून पहिला आलेल्याला काय? त्याच्यासाठी २०१९-२०पासून ‘लीग शिल्ड’ आली. ती जिंकणाऱ्याला आशियातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेचा दरवाजा उघडला गेला.

नॅशनल हॉकी लीगमध्येही अशीच जोडगोळी आहे. साखळीत अव्वल येणाऱ्याला प्रेसिडेंट्स ट्रॉफी, बाद फेऱ्या जिंकणाऱ्याला स्टॅनली कप. गंमत अशी, की १९८६पासून २०२४पर्यंत एकाच हंगामात दोन्ही जिंकणं जमलं ते फक्त आठ वेळा.

असं का होतं? कारण फुटबॉल आणि हॉकी हे कंजूष खेळ आहेत. गोल मोजकेच होतात. जिथे शंभर गुण होतात तिथे नशीब धुतलं जातं. जिथे दोन-तीन गोल होतात तिथे एक घसरलेला पाय, एक उडालेला चेंडू, एक पेनल्टी सामना फिरवते. वीस सामन्यांच्या साखळीत अशा अपघातांची सरासरी निघते आणि चांगला संघ वर येतो. बाद फेरीत सरासरी निघायला वेळच नसतो. म्हणून साखळी सांगते कोण किती चांगला आहे. बाद फेरी सांगते त्या रात्री कोण जिंकला.

मुंबई सिटीनं हा धडा तिन्ही बाजूंनी गिरवला. २०१६मध्ये उरुग्वेच्या दिएगो फोर्लानच्या जोरावर ती गुणतक्त्यात पहिली आली. अंधेरीत केरळला ५-० हरवताना फोर्लाननं हॅटट्रिक केली. पण उपांत्य फेरीत कोलकात्यानं घात केला आणि तेव्हा शिल्ड नसल्यानं पहिल्या क्रमांकाचं काहीच हाती लागलं नाही.

२०२०-२१मध्ये स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा गोव्याहून आले. त्यांच्याबरोबर मूर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बुमूस आणि गोव्याचा मंदार राव देसाई असे ओळखीचे शिलेदारही आले. साखळीच्या शेवटच्या सामन्यात मुंबईनं एटीके मोहन बागानला २-० हरवलं. दोघांचेही गुण ४० झाले आणि आपसातल्या निकालांवर शिल्ड मुंबईला मिळाली. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला अंतिम सामन्यात पुन्हा हेच दोघे समोरासमोर आले. सामना १-१ असताना नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगनं गोल केला. एकाच हंगामात ढाल आणि करंडक दोन्ही जिंकणारा मुंबई सिटी हा लीगमधला पहिला क्लब ठरला. कोविडमुळे तो अख्खा हंगाम गोव्यातल्या तीन मैदानांवर, रिकाम्या स्टँडसमोर खेळवला गेला. क्लबच्या इतिहासातली सर्वांत मोठी रात्र त्याच्या एकाही सामान्य चाहत्यानं मैदानात बसून पाहिली नाही.

२०२२-२३मध्ये डेस बकिंगहॅम यांच्या हाताखाली संघ सलग १८ साखळी सामने हरला नाही. वीस सामन्यांत ५४ गोल करून त्यानं ४६ गुण मिळवले आणि शिल्ड घेतली. मग उपांत्य फेरीत बंगळुरूशी बरोबरी झाली, पेनल्टी शूटआउट लांबत गेला आणि मुंबई ८-९ अशी बाहेर पडली. ढाल आली, करंडक गेला.

पुढच्या वर्षी नेमकं उलटं. १५ एप्रिल २०२४ रोजी सॉल्ट लेक स्टेडियमवर मुंबईला फक्त बरोबरी पुरेशी होती. मोहन बागाननं २-१ जिंकून शिल्ड हिसकावली. एकोणीस दिवसांनी, ४ मे रोजी, त्याच मैदानावर त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध अंतिम सामना झाला. पहिला गोल खाऊनही मुंबईनं तो ३-१ असा फिरवला. मुंबईला आघाडी देणारा दुसरा गोल पुन्हा बिपिन सिंगचा.

मोठ्या कुटुंबातलं एक नाव

या यशामागे एक घटना आहे. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी सिटी फुटबॉल ग्रुपनं मुंबई सिटीचा ६५ टक्के वाटा घेतला. मँचेस्टर सिटीचे मालक ते हेच. न्यूयॉर्क, मेलबर्न, स्पेनमधलं जिरोना अशा क्लबांच्या मांदियाळीत मुंबई जाऊन बसली. योगायोग असा, की फिका निळा रंग तिच्या अंगावर आधीपासूनच होता.

अशा समूहाचा खरा फायदा पैशापेक्षा माणसांच्या ये-जा करण्यात असतो. कोणता खेळाडू कुठे शोभेल, कोणता साहाय्यक प्रशिक्षक मोठ्या जबाबदारीला तयार झाला, याची माहिती समूहातल्या समूहात फिरते. बकिंगहॅम मेलबर्न सिटीचे साहाय्यक होते, तिथून ते मुंबईत आले. ते इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेल्यावर त्यांच्या जागी आलेले पेत्र क्रात्की हेही मेलबर्नहूनच. मे २०२४मध्ये क्रात्कींनी मुंबईला करंडक जिंकून दिला आणि दोन आठवड्यांनी बकिंगहॅम यांनी ऑक्सफर्डला वरच्या श्रेणीत नेलं.

११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये मुंबई सिटीनं इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. विजयी गोल राहुल भेकेनं डोक्यानं मारला. भेके मुंबईत वाढलेला आणि पूर्वी मुंबई एफसीकडून खेळलेला. बंद पडलेल्या क्लबचा खेळाडू नव्या क्लबला आशियात उभं करत होता. २०२४च्या करंडकाच्या वेळी कर्णधारही तोच होता.

पण बंद दाराच्या लीगलाही वादळं चुकत नाहीत. मालक आणि खेळाडूंमध्ये पगाराच्या मर्यादेवरून पेटलेल्या वादात नॅशनल हॉकी लीगचा २००४-०५चा अख्खा हंगाम रद्द झाला होता. आपल्याकडे २०२५मध्ये लीग चालवण्याचे हक्क कोणाकडे, हा प्रश्न अडकला आणि एरवी सप्टेंबरच्या आसपास सुरू होणारी लीग वर्ष संपलं तरी सुरू झाली नाही. त्या अनिश्चिततेत, डिसेंबर २०२५मध्ये, सिटी फुटबॉल ग्रुपनं आपला वाटा सोडला. क्लब पुन्हा मूळ मालकांकडे आला.

मग उरलं काय?

जून २०१८मध्ये अंधेरीच्या याच मैदानावर भारत, केनिया, न्यूझीलंड आणि चिनी तैपेई यांची स्पर्धा झाली. पहिल्या सामन्यात भारतानं तैपेईला ५-० हरवलं, सुनील छेत्रीनं हॅटट्रिक केली आणि ती पाहायला लोक होते २,५६९. एके काळी मुंबई सिटीकडून खेळलेल्या छेत्रीनं मोबाइलवर एक साधी ध्वनिचित्रफीत केली: मैदानावर या, पाहा, हवं तर तोंडावर टीका करा. ४ जूनला त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. तिकिटं संपली. भर पावसात लोक भिजत बसले आणि भारतानं केनियाला ३-० हरवलं. अंतिम सामनाही भारतानंच जिंकला.

मैदान तेच, संघ तोच, कर्णधार तोच. तीन दिवसांत फरक पडला तो फक्त स्टँडमध्ये, आणि सगळी हवा पालटली.

आपल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. क्लबचे दोन भाग असतात. एक कागदावरचा: लीगमधली जागा, नाव, मालकी, करार. तो विकता येतो, हलवता येतो, पुण्याहून हैदराबादला आणि हैदराबादहून दिल्लीला नेता येतो. दुसरा भाग म्हणजे निकालांची लांबलचक वही आणि ती पाठ असलेली माणसं. बिपिनचा नव्वदाव्या मिनिटाचा गोल, बंगळुरूविरुद्धची ती न संपणारी पेनल्टी, पुण्यावरचे पाच गोल हे ज्यांना आठवतं, ते दुसऱ्या शहराला विकता येत नाहीत. कंपनीच्या संघांकडे पहिला भाग भक्कम होता, दुसरा फारसा तयारच झाला नाही. म्हणून देशाचा विजेता संघही एका निर्णयानं पुसला गेला. मुंबई सिटीचा पहिला भाग गेल्या काही वर्षांत चांगलाच हादरला, तरी पश्चिम स्टँडमधला ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ हा चाहत्यांचा गट आणि त्याच्यासारखे शेकडो जण हीच या क्लबची खरी ठेव आहे.

अंधेरीचं मैदान लहान आहे. सात-आठ हजार प्रेक्षकांत ते भरतं. बोरिवली-दहिसरहून नव्या मेट्रोनं आणि घाटकोपरहून जुन्या मेट्रोनं तिथे सहज जाता येतं. मुलुंडकरांना घाटकोपरला गाडी बदलावी लागेल, एवढंच. क्रिकेटच्या शहरात हा क्लब टिकणार की नाही, याचा निकाल मालकांच्या बैठकीत अर्धाच लागतो. उरलेला अर्धा तिकीट काढून तुम्ही-आम्ही लावायचा आहे.